उरलेली सॅम्पल्स गेली कुठे: बोर्डावरच्या पर्फच्या नोंदी

३ मार्च, सोमवार

तक्रार जुनीच. कंपन मोजणारा आमचा बोर्ड अधूनमधून डेटा गाळतो. एडीसी (कंपनाचा सिग्नल आकड्यांत बदलणारी चिप) दर २ मिलिसेकंदांनी इंटरप्ट देतो, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवून डेटा उचलायची हाक मारतो. त्याच्या आतल्या फिफोत (तात्पुरत्या रांगेत) ४ मिलिसेकंदांचा माल मावतो. तेवढ्या वेळात कोणी उचलला नाही तर वरून सांडतो. कधी तासभर डेटाचा एकही ब्लॉक हरवत नाही, कधी सलग दहा मिनिटं गळती. याच लहरीपणामुळे गेले दोन आठवडे प्रत्येक जण आपापला आवडता संशयित पुढे करतोय.

बोर्ड: चार कोअरचा कॉर्टेक्स ए७, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, चिपवाल्यांनी दिलेलं लिनक्सचं ५.१० कर्नल. शेजारी १६० बाय १२८ चा रंगीत डिस्प्ले, त्यावर तरंगाचा आलेख सेकंदाला १५ वेळा नव्याने उमटतो. 'टॉप'मध्ये चारही कोअर मिळून २० टक्क्यांच्या खाली. म्हणजे बोर्ड निवांत आहे आणि तरी उशीर होतोय. तर्क बास झाले, पर्फ (कोअरचा वेळ कोणत्या फंक्शनमध्ये जातो याचे नमुने, म्हणजे सॅम्पल्स, घेणारं लिनक्सचं साधन) लावून बघायचं ठरलं.

पर्फ कर्नलच्याच सोर्समध्ये राहतो, तिथूनच क्रॉस कंपाइल केला. पहिल्या बिल्डला लिबएल्फ (प्रोग्राममधली फंक्शनची नावं वाचणारी लायब्ररी) सापडली नाही. बिल्ड थांबली नाही, एक इशारा देऊन पुढे गेली आणि मी तो वाचला नाही. परिणाम: पर्फ चालतो, पण रिपोर्टमध्ये फंक्शनच्या नावांऐवजी नुसते हेक्स पत्ते. लिबएल्फ आणि लिबडीडब्ल्यू टूलचेनमध्ये घालून पुन्हा बिल्ड. दिवस यातच गेला.

४ मार्च, मंगळवार

नावं दिसू लागली. सगळ्या कोअरवर ९९९ हर्ट्झने दहा सेकंद रेकॉर्ड केलं. आयडल बाजूला काढलं की उरलेल्यात सगळ्यात वर एकच ओळ: 'रॉ स्पिन अनलॉक आयआरक्यू रिस्टोर' (लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, सोडून इंटरप्ट पुन्हा सुरू करणारं कर्नलचं फंक्शन), ३१ टक्के.

सकाळी अकराला ग्रुपवर टाकून मोकळा झालो की लॉकची मारामारी सापडली. घाई केली.

कॉल चेन, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी, उघडली. कर्नलच्या बाजूची चेन नीट येते, ती सरळ डिस्प्लेच्या एसपीआय (डेटा एकेक बिट पाठवणारी बस) ड्रायव्हरमध्ये घेऊन गेली. दुपारभर तो ड्रायव्हर वाचला. हा लॉक घेणारी जागा अख्ख्या ड्रायव्हरमध्ये एकच आहे. डिस्प्लेला लिहिणारा थ्रेडही एकच. ज्या कुलपासाठी दारात दुसरं कोणी उभंच नाही, तिथे मारामारी कसली? आणि मुळात वाट बघायची तर ती लॉक घेताना. सोडताना कोण कशाला थांबेल? अनलॉक म्हणजे मोजून चार-पाच इन्स्ट्रक्शन.

युझर बाजूची कॉल चेन मात्र सगळी 'अननोन'. आमचं ॲप्लिकेशन थंब मोडमध्ये (आर्मच्या छोट्या इन्स्ट्रक्शन वापरून), फ्रेम पॉइंटरशिवाय (फंक्शनच्या स्टॅकचा माग सांगणारा पत्ता न ठेवता) बांधलेलं, त्यामुळे फ्रेम पॉइंटरवर चालणारी चेन तिथे लागत नाही. ड्वार्फ पद्धत (डीबगच्या माहितीवरून चेन जुळवायची) वापरली तर पर्फ प्रत्येक सॅम्पलमागे ८ केबी स्टॅक उचलतो. ९९९ हर्ट्झला एका कोअरचे सेकंदाला ८ एमबी होतात, आणि मी ते एसडी कार्डावर लिहीत होतो. पर्फनेच सांगितलं की इतके तुकडे हरवले, आयओचा ताण तपासा. फाइल रॅममधल्या टेम्प फोल्डरात वळवली आणि सॅम्पलिंगचा दर ९९ हर्ट्झवर आणला, तेव्हा चेन मिळाली. आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नव्हता, पुढच्या वेळेसाठी इथे लिहून ठेवतोय.

संध्याकाळी निघताना रिपोर्टच्या डोक्यावरची ओळ पहिल्यांदा नीट वाचली. इव्हेंट: 'सीपीयू क्लॉक'. मी 'सायकल्स' (कोअरचे ठोके मोजणारा हार्डवेअर काउंटर) समजून चाललो होतो. पर्फला हार्डवेअर काउंटर मिळाले नाहीत की तो गुपचूप सीपीयू क्लॉकवर येतो. इशारा हवा असेल तर व्हर्बोस चालवावं लागतं.

सीपीयू क्लॉक म्हणजे कर्नलचा हाय रेझोल्यूशन टायमर. टायमर वाजतो, इंटरप्ट येतो, त्या क्षणी कोअर जिथे असेल तिथलं सॅम्पल. आता कोअरने इंटरप्टच बंद ठेवले असतील तर टायमर बाहेर ताटकळतो आणि इंटरप्ट ज्या इन्स्ट्रक्शनला पुन्हा सुरू होतात तिथे आत शिरतो. ती जागा म्हणजे अनलॉक. म्हणजे त्या ३१ टक्क्यांतला गुन्हा अनलॉकचा नाही, तो फक्त दारात सापडलेला माणूस आहे. ग्रुपवर 'सकाळचं विसरा' असं लिहिलं.

५ मार्च, बुधवार

ठरवलं: खरे हार्डवेअर काउंटर सुरू करायचे, मग खरं चित्र दिसेल. (हे वाक्य तसंच ठेवतोय. १० तारखेची नोंद बघा.)

पर्फ स्टॅटमध्ये (हा सॅम्पल न घेता नुसतं मोजतो) सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, सगळ्यांपुढे 'नॉट सपोर्टेड'. बूटच्या मेसेजमध्ये 'एचडब्ल्यू पर्फइव्हेंट्स'ची ओळच नाही. कर्नल कॉन्फिगमध्ये पर्फ इव्हेंट्स आणि आर्म पीएमयू (चिपमधला काउंटरचा विभाग) दोन्ही चालू. मग राहिली डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी यादी. त्यात पीएमयूचा नोडच नाही. चिपमध्ये पीएमयू आहे, मॅन्युअलमध्ये त्यावर प्रकरण आहे, पण कर्नलला तो आहे हे कोणी सांगितलेलंच नाही.

इंटरप्ट नंबर शोधायला वेळ लागणार होता, म्हणून आधी कंपॅटिबलची (हार्डवेअरचा प्रकार सांगणारी) एकच ओळ असलेला नोड घातला. कर्नल बूट होताना म्हणालं की पीएमयूला इंटरप्ट नाहीत, सॅम्पलिंग होणार नाही. तरी ५ काउंटर मिळाले: चार इव्हेंटचे, एक सायकल्सचा. पर्फ स्टॅट चालू, पर्फ रेकॉर्ड नाही.

मोजणी खरी आहे का, हे आधी बघितलं. कोअर ३ वर रिकामं लूप सोडलं, फ्रिक्वेन्सी १ गिगाहर्ट्झवर खिळवली आणि त्या कोअरच्या सायकल्स दहा सेकंद मोजल्या. अपेक्षा १००० कोटी. आले १४१ कोटी.

पाच मिनिटं नुसता आकड्याकडे बघत बसलो. मग वजाबाकी केली: ८५९ कोटी कमी. ३२ बिटी काउंटर ४२९ कोटी ४९ लाखांवर शून्याला येतो, आणि त्याची दुप्पट ८५९ कोटी. काउंटर दोनदा पूर्ण फिरला आणि फिरल्याचं सांगायला इंटरप्टच नव्हता. १ गिगाहर्ट्झला एक फेरी जेमतेम ४.३ सेकंदांची. दर सेकंदाला वाचायला लावल्यावर बेरीज १००० कोटींवर आली. जुन्या स्कूटरचा मीटर असाच ९९९९९ नंतर नव्याने सुरू व्हायचा.

६ मार्च, गुरुवार

आजचा दिवस माझ्या चुकांचा.

मॅन्युअलच्या इंटरप्ट टेबलात पीएमयूचे चार नंबर मिळाले, १५२ ते १५५, प्रत्येक कोअरला एक. तसेच डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिले. पर्फ रेकॉर्ड चालला, कुठे कुरकुर नाही, फाइलमध्ये शून्य सॅम्पल. 'प्रॉक'मधल्या इंटरप्टच्या यादीत आर्म पीएमयूच्या चारही ओळींवर शून्यं.

गिकमध्ये (आर्मच्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये) पहिले ३२ नंबर कोअरच्या खाजगी इंटरप्टचे: ० ते १५ कोअरनी एकमेकांना द्यायचे, १६ ते ३१ प्रत्येक कोअरचे स्वतःचे. सामायिक इंटरप्ट ३२ पासून सुरू होतात आणि डिव्हाइस ट्रीमध्ये ते शून्यापासून मोजतात. म्हणजे १५२ ला १२० लिहायचं. मी चार भलत्याच तारांवर कान लावून बसलो होतो. या सामायिक इंटरप्टचं लघुनाव एसपीआय, आणि आमचा डिस्प्ले ज्या बसवर आहे तीही एसपीआय. चर्चेत दोनदा गोंधळ झाला. यापुढे एकाला 'गिकवाला' म्हणायचं ठरलं.

३२ वजा केले, बूट केलं, रेकॉर्ड लावलं. कोअर ० आणि १ ची सॅम्पल्स आली. कोअर २ वर रेकॉर्ड सुरू केलं आणि कोअर ३ वर जे काही चालू होतं ते जागीच थिजलं. काही क्षणांनी कन्सोलवर ओळ: इंटरप्टची कोणी दखल घेत नाही, बंद करतोय.

हार्डवेअर बघणारी सहकारी शेजारीच बसते. तिला हाक मारली.

"अगं, कोअर दोनवर मोजायला घेतलं की तीन मरतोय."

"अरे, टेबल नीट वाच की. नंबरांचा क्रम आहे तो, कोअरचा नाही."

टेबलात १५४ पुढे कोअर ३ आणि १५५ पुढे कोअर २ लिहिलं आहे. मी चढता क्रम बघून ०, १, २, ३ धरून चाललो. त्यामुळे कोअर २ चा काउंटर भरला की इंटरप्ट कोअर ३ ला जायचा. तिथला हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) स्वतःच्या कोअरचं ओव्हरफ्लो रजिस्टर बघणार, ते कोरं, म्हणून 'माझा नाही' म्हणून परत. पण तारेवरचा सिग्नल अजून चालूच, कारण कोअर २ चा ओव्हरफ्लो कोणी पुसलेलाच नाही. लगेच पुन्हा इंटरप्ट. कर्नल असे एक लाख इंटरप्ट मोजतं आणि त्यातले ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले तर ती तार कायमची बंद करतं. कोअर ३ त्या लाखभर खेपा घालत होता.

७ मार्च, शुक्रवार

इंटरप्ट ॲफिनिटीचा (कोणता इंटरप्ट कोणत्या कोअरला जाणार याचा) क्रम दुरुस्त केला. चारही कोअरवर सॅम्पलिंग चालू. उरलेला दिवस दुसऱ्या प्रकल्पाच्या रिलीजने खाल्ला.

१० मार्च, सोमवार

खऱ्या सायकल्सवर पहिलं रेकॉर्डिंग. उत्साहात रिपोर्ट उघडला. सगळ्यात वर: 'रॉ स्पिन अनलॉक आयआरक्यू रिस्टोर'. टक्केवारीही जवळपास तीच.

चार दिवस घालवून पुन्हा त्याच दारात.

चूक कुठे झाली ते चहा घेताना कळलं. माझा सगळा सराव डेस्कटॉपवरचा. तिथे एक्स८६ वर काउंटरचा इंटरप्ट एनएमआय असतो, इंटरप्ट बंद असले तरी आत घुसतो. मी तेच इथे गृहीत धरलं. ३२ बिटी आर्मवर पीएमयूचा इंटरप्ट बाकीच्यांसारखाच साधा. इंटरप्ट बंद म्हणजे तोही टायमरसारखाच बाहेर. ६४ बिटी आर्मवर गिक व्ही३ असेल तर कर्नल खोटा एनएमआय उभा करू शकतं, आणि पर्फला ती सोय ५.१० मध्येच मिळाली. आमचंही कर्नल ५.१०, पण कोअर ए७, ३२ बिटी. एफआयक्यूची (आर्मच्या वेगळ्या, तातडीच्या इंटरप्टची) एक वाट असते, ती आमच्या बोर्डावर सिक्युअर बाजूने (कर्नलच्या आवाक्याबाहेरच्या सुरक्षित सॉफ्टवेअरने) धरून ठेवली आहे.

तरीही काउंटर सुरू केल्याचा एक फायदा झाला, आणि तो अनपेक्षित. सॅम्पल घ्यायला इंटरप्ट लागतो, पण काउंटर इंटरप्ट बंद असतानाही मोजतच राहतो. म्हणजे पर्फ स्टॅटचा आकडा आणि पर्फ रेकॉर्डची सॅम्पल्स यांचा मेळ बसायला हवा. बसला नाही, तर जो वेळ हरवला तोच इंटरप्ट बंद असल्याचा वेळ.

फक्त डिस्प्लेचा थ्रेड धरला, दहा सेकंद. पर्फ स्टॅट: ५५१ कोटी सायकल्स. मग रेकॉर्डला ठरावीक अंतर दिलं, दर १० लाख सायकल्सना एक सॅम्पल. म्हणजे ५,५१० सॅम्पल्स यायला हवीत. आली १,३५०. सुमारे ४,१६० गायब, आणि पर्फ म्हणतो एकही हरवलं नाही. त्याच्या दृष्टीने खरंच आहे, ती घेतलीच गेली नाहीत. इंटरप्ट बंद असताना काउंटर सहा वेळा भरायला हवा होता, तरी दार उघडल्यावर एकच सॅम्पल पडतं.

आलेल्या १,३५० पैकी ७५० अनलॉकवर. हा आकडा ओळखीचा निघाला. डिस्प्लेची एक फ्रेम ४०,९६० बाइट्स, ती ८ केबीच्या पाच तुकड्यांत जाते, सेकंदाला १५ फ्रेम, म्हणजे ७५ तुकडे. दहा सेकंदांत ७५०. प्रत्येक तुकड्याला बरोब्बर एक सॅम्पल.

एका तुकड्याला किती वेळ? बस १० मेगाहर्ट्झवर चालते: ८,१९२ गुणिले ८ बिट, ६.५५ मिलिसेकंद. एडीसीचा फिफो ४ मिलिसेकंदांचा.

इथे पेन खाली ठेवलं आणि ड्रायव्हर पुन्हा उघडला. मंगळवारी मी त्यात लॉक कोण घेतं एवढंच शोधत होतो. लॉक घेतल्यावर आत काय चालतं ते वाचलंच नव्हतं. आत एक लूप: स्टेटस रजिस्टर वाच, जागा असेल तर एक बाइट टाक, नसेल तर पुन्हा वाच. अख्खे ८ केबी संपेपर्यंत, इंटरप्ट बंद ठेवून. त्या थ्रेडचं दर सायकलमागे इन्स्ट्रक्शनचं प्रमाण ०.१२ आलं होतं, ते याच्याशी जुळतं. पेरिफेरलचं रजिस्टर कॅशमध्ये बसत नाही, त्यामुळे प्रत्येक वाचनाला कोअर ताटकळतो.

खातरजमा: एडीसीचा इंटरप्ट कोअर ० वर येतो. डिस्प्लेचा थ्रेड कोअर ० ला बांधला, गळती धो धो. कोअर २ ला बांधला, तासाभरात एकही ब्लॉक गेला नाही. बोर्डाचा लहरीपणा म्हणजे शेड्यूलरने त्या थ्रेडला कुठे बसवलं एवढंच होतं.

११ मार्च, मंगळवार

काल जे तर्काने काढलं ते सरळ मोजून घेतलं. कर्नलमध्ये 'आयआरक्यूज ऑफ' ट्रेसर चालू करून पुन्हा बांधलं. इंटरप्ट जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिले: ६,६१२ मायक्रोसेकंद. सुरुवात स्पिन लॉकला, शेवट स्पिन अनलॉकला. हा ट्रेसर पहिल्याच दिवशी लावला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं, असं सहकारी म्हणाली. बरोबर आहे. पण गेल्या मंगळवारी माझा प्रश्न 'वेळ कुठे जातो' हा होता, 'दार किती वेळ बंद असतं' हा नव्हता.

तात्पुरता उपाय दहा मिनिटांत झाला: डिस्प्लेचा तुकडा ८ केबीवरून ५१२ बाइट्सवर. दार ०.४ मिलिसेकंद बंद, गळती थांबली. पण ड्रायव्हर तसाच ठेवणं पटेना, उद्या त्या बसवर कोणी दुसरं काही लावेल. एका कंट्रोलरवरचे व्यवहार एकामागून एक नेण्याचं काम कर्नलचा एसपीआय गाभा स्वतःच करतो, लूपभोवती लॉकची गरजच नव्हती. इंटरप्ट हँडलरही वापरतो अशी एकच कंट्रोल बिट आहे, तेवढ्यापुरता लॉक ठेवला, बाकी लूप बाहेर काढलं. तुकडा परत ८ केबीचा केला. ट्रेसरचा नवा कमाल आकडा १९० मायक्रोसेकंद, आणि तो आमच्या ड्रायव्हरचा नाही.

मग तेच रेकॉर्डिंग पुन्हा. ५,५१० च्या जागी ५,४६० सॅम्पल्स. अनलॉकची ओळ तळाला, अर्ध्या टक्क्याच्या आत. वर ड्रायव्हरचं फिफोची वाट बघणारं फंक्शन, ८८ टक्के. थ्रेड आजही तेवढ्याच सायकल्स जाळतो. फक्त आता त्या ज्याच्या आहेत त्याच्या नावावर पडतात.

१२ मार्च, बुधवार

रात्रभर चाचणी, डिस्प्लेचा थ्रेड मुद्दाम कोअर ० ला बांधून. गेलेले ब्लॉक: शून्य.

दोन पॅच वेगळे केले: पीएमयू नोड आणि ड्रायव्हरचं लॉक. नोडच्या पॅचच्या वर्णनात १५४ आणि १५५ च्या उलट क्रमाबद्दल एक ओळ लिहिली, नाहीतर पुढच्या वेळी कोणीतरी तो 'सरळ' करेल.

उरलेलं काम: डिस्प्लेची बस डीएमएवर (कोअरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरवर) नेणं. आज तो थ्रेड एका कोअरचा अर्ध्याहून जास्त वेळ नुसता रजिस्टर चाळत असतो. आणि बोर्डावर पर्फ चालवायची जी छोटी स्क्रिप्ट आहे, तिच्यात दोन गोष्टी घातल्या: रिपोर्टआधी इव्हेंटचं नाव ठळक छापायचं, आणि शेजारी स्टॅटप्रमाणे अपेक्षित सॅम्पल्स व प्रत्यक्ष आलेली सॅम्पल्स. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर स्क्रिप्ट रिपोर्ट दाखवतच नाही, आधी ट्रेसर चालवा म्हणते.